मावंद्याचा खर्च

लांबच्या प्रवासाला निघायचं कसं, याचं शास्त्र आता पूर्ण झालेलं आहे. पाठीवरची सॅक किती लिटरची घ्यावी (दुधातेलासारखी लिटरात मोजतात अशी ही बॅग), कपड्यांच्या घड्या कराव्यात की वळकट्या, पैसे पोटाशी बांधावेत की बुटात लपवावेत, रात्रीच्या बसमध्ये सॅक उशाशी घ्यावी की पायाला बांधावी, या सगळ्यावर पुस्तकं आहेत, याद्या आहेत, जाणकार आहेत आणि जाणकारांची आपसांत भांडणंही आहेत. आपल्याकडे तर निघण्याचा विधीही पक्का आहे. हातावर दही पडतं, देवापुढे सुपारी ठेवली जाते आणि ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं’ अशी दटावणी होते. म्हणजे परत येण्याची सोय आपण थेट क्रियापदातच करून ठेवली आहे. पण आठ महिने पाठीवर बिऱ्हाड घेऊन पाच देश पालथे घातल्यावर खरोखरच परतायची वेळ येते, तेव्हा यातलं कोणीच मदतीला येत नाही. परतावं कसं, याची एकही यादी नाही. विमान उतरलं, पट्ट्यावरून सॅक उचलली, रिक्षावाल्याशी दरावरून वाद झाला, की माणूस परतला असं सगळे धरून चालतात. या समजुतीत मोठी चूक आहे, आणि ती चूक हिशेबाची आहे.

या प्रकारच्या प्रवासाला बॅकपॅकिंग म्हणतात आणि त्याची सगळी प्रतिष्ठा काटकसरीवर उभी आहे. बॅकपॅकर वहीत रोजचा जमाखर्च लिहितो. झोपायला इतके, जेवायला इतके, बसला इतके. दहा जणांच्या खोलीत वरचा पलंग घेऊन शंभर रुपये वाचवले, तर तो आनंद त्याला देवळं आणि धबधबे पाहिल्याच्या आनंदाहून जास्त दिवस पुरतो. मात्र या वहीत एक कलम कायम राहून गेलेलं असतं. आपल्या पणजोबांच्या वहीत ते हमखास असायचं. काशीयात्रेहून परतलेला माणूस गंगापूजन करून गणगोताला जेवायला घालत असे, त्याला मावंदं म्हणत. आज आपण त्याकडे धार्मिक उपचार म्हणून किंवा ऐपत दाखवायची हौस म्हणून पाहतो. माझं म्हणणं असं की मावंदं हा प्रवासखर्चाचाच भाग होता. शेवटचा हप्ता म्हणा. तो हप्ता थकला की प्रवास खात्यावर तसाच उघडा राहतो. आज कितीतरी धडधाकट तरुण परत येऊन सहा-सहा महिने झाले तरी प्रवास न संपलेल्या अवस्थेत घरात वावरत असतात, आणि त्या थकबाकीचं व्याज घरच्यांना भरावं लागतं.

हा शेवट सुरुवातीपासून पाहायचा असेल तर बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर जावं. खाओ सान म्हणजे सडलेला तांदूळ. कुजलेला नव्हे, कांडून सडलेला. एकेकाळी इथे तांदळाचा बाजार होता. लांबी जेमतेम चारशे मीटर. १९८० च्या दशकात इथे स्वस्त खोल्या निघाल्या आणि बघता बघता हा रस्ता दक्षिण-पूर्व आशियात फिरणाऱ्या सगळ्यांची धर्मशाळा झाला. शाळा संपल्यावर कॉलेजात जाण्याआधी ‘गॅप इयर’ काढणारी ब्रिटिश मुलं, लष्कराची सक्तीची नोकरी संपवून डोकं मोकळं करायला निघालेले इस्रायली, घरापासून जग फार लांब असल्यामुळे एकदाच काय ते पाहून घेणारे न्यूझीलंडर, आणि अलीकडे पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून राजीनामा देऊन आलेली आपली मुलं, असे सगळे सुवर्णभूमी विमानतळावर उतरून इथे येतात, चियांग माई, लुआंग प्राबांग, हनोई, सिएम रीप असा फेरा मारतात आणि शेवटी पुन्हा इथेच येऊन टेकतात. त्यामुळे एकाच फुटपाथवर आरंभ आणि अंत शेजारी शेजारी पाड थाई खात बसलेले दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. नवा माणूस विचारत असतो. जुना सांगत असतो. नव्याला खरं तर एटीएम कुठे आहे एवढंच हवं असतं. जुना त्याला लाओस सात महिन्यांपूर्वी कसा होता हे सांगतो. जुन्याच्या पुढच्या आयुष्याची ही रंगीत तालीम असते, पण हे त्याच्या लक्षात येत नाही.

बाकीचे प्रवास पोचल्यावर संपतात. पंढरपूर आलं, काशी आली, शिखर आलं, की तिथून मागे वळायचं. बॅकपॅकिंगला असं ठिकाणच नसल्यामुळे त्याला पोचणं नाही आणि म्हणून आपला असा शेवटही नाही. तो बाहेरून येतो. पैसे संपतात, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत येते म्हणून पुढचा देश घेत नाही, बहिणीचं लग्न ठरतं, किंवा व्हिसा आटपतो. थायलंडने तर रेंगाळण्याचा दरच जाहीर केलेला आहे. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. हिशेबी माणसाला लगेच दिसतं की चाळीस दिवसांनंतर दंड वाढायचा थांबतो, म्हणजे पुढचे दिवस फुकट. पण थायलंडचं सरकारही हिशेबी आहे. नव्वद दिवसांच्या पुढे गेलात तर निघताना दंड भरूनही वर्षभर पुन्हा देशात पाऊल टाकता येत नाही. एखाद्या जागी किती रमावं हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं शास्त्र आपल्या वेदान्तातही सापडायचं नाही. तरीही हा शेवट खरा शेवट नव्हे. ही हकालपट्टी आहे. आणि हकालपट्टी झालेला माणूस मनाने कधीच बाहेर पडत नाही, हे निवडणूक हरलेल्या कुठल्याही आमदाराकडे पाहिलं तरी पटेल.

शेवटच्या रात्री सॅक पलंगावर उपडी केली की या न संपलेपणाचा मुद्देमालच बाहेर पडतो. पिशवीला चिकटून पिशवीचाच भाग झालेला साबणाचा तुकडा. एका पायाची सपात. कुठल्या तरी गेस्टहाउसचा टॉवेल, ज्याच्याबद्दल न बोललेलं बरं. किल्ली हरवलेलं कुलूप. मधोमध फाडून अर्धं केलेलं गाइडबुक. गेलेले देश मागे ठेवून ओझं कमी केलेलं. पाच देशांची मोड, जी कुठलाही पैसे बदलणारा घेत नाही, कारण त्या धंद्यात नाणी चालत नाहीत. व्हिएतनामच्या उरलेल्या नोटा. दहा लाख डाँग म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आतबाहेर. त्यामुळे महिनाभर लक्षाधीश म्हणून राहिलेल्या माणसाला दारिद्र्य विमानात बसायच्या आधीच जाणवू लागतं. हे सगळं पुन्हा सॅकेत भरायला घेतलं की ते मावत नाही. सामान वाढलेलं नसतं. आठ महिन्यांपूर्वी वळकट्या करण्याचा जो उत्साह होता तो संपलेला असतो. मग माणूस खाली रस्त्यावर जातो आणि शेवटच्या रात्रीची खरेदी करतो. हत्तीछाप पायजमा, बिअरच्या नावाचा गंजीफ्रॉक, दोऱ्याची मनगटपट्टी, आणि फारच हळवा झाला असेल तर केसांची एक वेणी. आठ महिने पाच-पाच बाटसाठी हुज्जत घातलेली असते, आणि या एका रात्रीत दुकानदार सांगेल ती किंमत मोजली जाते. शेवट विकत घेण्याची ही धडपड असते. खाओ सान रस्त्याला ती बरोबर कळलेली आहे. मावंद्याची पोकळी त्याने पायजमे विकून भरून काढली आहे.

ज्या ज्या समाजांत लांबचं फिरणं मुरलेलं होतं, तिथे या शेवटाची नीट व्यवस्था होती. जर्मनीत सुतार, गवंडी, छपरं शाकारणारे कारागीर उमेदवारी संपल्यावर भटकंतीला निघतात. ही चाल शतकांची जुनी आहे आणि थोड्या प्रमाणात आजही चालू आहे. किमान तीन वर्षं आणि एक दिवस बाहेर राहायचं, आणि त्या काळात आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत फिरकायचं नाही. निघताना गावाच्या नावाच्या पाटीवर चढून पलीकडे उतरायचं आणि तिथे जमिनीत दारूची बाटली पुरून ठेवायची. परतल्यावर त्याच पाटीवरून अलीकडे यायचं, बाटली उकरायची आणि न्यायला आलेल्या लोकांबरोबर ती संपवायची. खिशात निघताना पाच युरो, परततानाही पाचच. फुकट हिंडून कफल्लक झाला असं नको आणि पैसे साठवायला गेला होता असंही नको. या सगळ्यात बाटली सर्वांत शहाणी. तीन वर्षांपूर्वीच परतीच्या मेजवानीची तरतूद करून माणूस घर सोडतो! अठराव्या शतकातल्या इंग्रज उमरावपुत्रांना कारागिरांइतकी अक्कल नव्हती, पण पैसा होता. इटलीचा लांबलचक दौरा करून आल्यावर आपलं कोणी ऐकत नाही हे दिसलं, तेव्हा त्यांनी १७३४ मध्ये लंडनात ‘सोसायटी ऑफ डिलेटांटी’ नावाचं जेवणमंडळ काढलं. त्यांच्याच काळातल्या होरेस वॉलपोल या लेखकाने त्यावर टोमणा मारून ठेवला आहे की सभासद व्हायला कागदावर इटली पाहिलेली असावी लागते, प्रत्यक्षात झिंगलेलं असावं लागतं. त्याचं कारण उघड आहे. जिथे प्रत्येकाला सांगायचंच आहे आणि ऐकायचं कोणालाच नाही, तिथे शुद्धीवर राहून संध्याकाळ निभत नाही.

आपल्याकडची व्यवस्था या दोन्हींहून सरस होती, कारण तिच्यात ऐकणाऱ्याचा विचार होता. काशीहून माणूस यायचा तो तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू आणि काळ्या गंड्यांचा जुडगा घेऊन. गडू एकटा फोडायचा नाही. पूजा मांडायची, गणगोत बोलवायचं, प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर तीर्थ घालायचं, मुलांच्या गळ्यात गंडे बांधायचे आणि मग पंगत बसवायची. म्हणजे जो गेला नाही त्यालाही प्रवासातला वाटा मिळाला, आणि वर लाडू मिळाला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले. नेमका बंडाचा धुमाळा गाठला, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला, मिळवलेलं वाटेत लुटलं गेलं, पण गंगेची कावड तेवढी सांभाळून आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातलं. कुठल्याही बॅकपॅकरला लाजवील असा हा प्रवास. त्याची हकिगत कागदावर उतरली ती सुमारे पाव शतकाने, आणि ‘माझा प्रवास’ म्हणून छापून आली १९०७ मध्ये. आधी पाणी पोचवलं, गोष्ट नंतर सावकाश. आजचा प्रवासी विमानतळावरून घरी येईपर्यंत गोष्ट सुरू करतो आणि पाणी आधी स्वतःच मागतो.

गोष्ट आधी आली की काय होतं, याचा पुरावा मानसशास्त्राने देऊन ठेवलेला आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या संशोधकांनी चार-चार जणांचे गट केले. एकाला रस्त्यावरच्या जादूगाराची झकास चित्रफीत दाखवली, उरलेल्या तिघांना एक सुमार चित्रफीत. मग चौघांना गप्पा मारायला एकत्र बसवलं. झकास चित्रफीत पाहिलेला माणूस त्या गप्पांत एकटा पडला आणि बाकीच्यांपेक्षा खट्टू होऊन उठला, कारण तिघांना आपसांत बोलायला ती सुमार चित्रफीत होती. गंमत म्हणजे असं होईल याची आधी कोणाला कल्पना नव्हती. भाग्यवान माणूस जास्त खूश असेल असाच अंदाज होता. एका चित्रफितीने ही गत, तर आठ महिन्यांच्या मेकाँग नदीने काय होईल याची कल्पना करावी. दुसरा पुरावा डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा, १९९३ चा. लोकांना एकदा एक मिनिट चौदा अंश सेल्सियसच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिट, आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यात पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. यातलं काय पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, जरी त्यात त्रास जास्त वेळ होता. शेवट थोडा बरा झाला की सगळंच बरं वाटतं. बॅकपॅकरच्या प्रवासाचा शेवट म्हणजे विमानतळावरचा लोखंडी बाक, वजनकाट्यावर दोन किलो जास्त भरलेली सॅक आणि अंगावर चढवलेले तीन शर्ट. मावंदं म्हणजे नंतरचे ते तीस सेकंद. पाणी अंशभरच कोमट होतं, पण तेवढं पुरतं.

मावंद्याविना परतलेल्याचं काय होतं ते कुठल्याही दिवाणखान्यात पाहायला मिळतं. सोफ्यावर चार माणसं आहेत. मावशी, काका, शेजारच्या वहिनी आणि परीक्षा नसल्यामुळे सुटका करून घेऊ न शकलेला एक चुलतभाऊ. प्रवासी सुरुवात करतो: लाओसमध्ये लुआंग प्राबांगला जायला नदीतून बोट असते, संथ बोट, दोन दिवस लागतात, मध्ये पाकबेंग नावाच्या गावी रात्र काढायची. दुसऱ्या मिनिटाला मावशी विचारतात, “तिथे आपलं जेवण मिळतं का रे?” चौथ्या मिनिटाला काका विचारतात, “मग नोकरीचं काय ठरवलंयस?” बोट अजून धक्क्यालाच असते. सहाव्या मिनिटाला वहिनी अगदी सहज म्हणतात, “आमच्या दिरांचा मुलगाही जाऊन आला ना व्हिएतनाम-कंबोडियाला. टूरबरोबर. आठ दिवसांत सगळं बघून झालं.” या वाक्यावर जगातल्या कुठल्याही बॅकपॅकरकडे उत्तर नाही. आठ महिने आणि आठ दिवस यांतला फरक ‘सगळं’ या शब्दाने एका फटक्यात पुसला जातो. मग प्रवासी दुखावतो आणि सूड उगवायला लागतो. भाजी आणली की तिचा भाव बाटमध्ये सांगतो. रस्ता ओलांडताना हनोईचे लोक कसे न थांबता ओलांडतात ते ऐकवतो. वरणात लिंबू पिळलं की लेमनग्रासचा विषय निघतो. आपल्या देशातल्या रांगा, हॉर्न, पाणी, स्वच्छतागृहं यांविषयी तो परक्याच्या तटस्थपणे बोलू लागतो आणि घरचे आपसांत खुणा करतात. हे सगळं व्याज आहे. मुद्दल एका पंगतीचं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हल्ली सांगायचं काही उरतच नाही. रोजचा फोटो रोज चढतो, नातेवाईक घरबसल्या बरोबर फिरतात, त्यामुळे परतल्यावर ऐकवण्याचा प्रश्नच मिटला आहे. खरं तर यामुळे प्रश्न चिघळला आहे. आठ महिने नातेवाइकांनी जेवता जेवता, टीव्ही बघता बघता, रोजच्या रोज अंगठा आणि बदाम देऊन आपला हप्ता फेडलेला आहे. त्यांच्या दृष्टीने खातं चुकतं झालं. प्रवाशाच्या दृष्टीने ती फक्त जाहिरात होती. खेळ आता लावायचा आहे. शिवाय फोटोत बोट दिसते, बोटीतले कंटाळवाणे सोळा तास दिसत नाहीत, आणि त्याला सांगायचे असतात नेमके ते तास. दुसरा आक्षेप जास्त उदात्त आहे. प्रवास स्वतःसाठी असतो, माणूस आतून बदलतो, त्याला श्रोते कशाला हवेत? हे विधान करणाऱ्याच्या पायांकडे पाहावं. तिथे बहुधा हत्तीछाप पायजमा असतो. बँकॉकमध्ये त्या पायजम्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तो कोथरूडला कोथिंबीर आणायला जाताना घालण्यासाठीच घेतलेला असतो, की कोणीतरी विचारावं, कुठून आणला. आतून बदललेल्या माणसाला बाहेरून इतकी खूण का लागावी? काशीच्या गंड्याचंही काम तेच होतं, पण पणजोबा तो स्वतःच्या गळ्यात मिरवत नसत. दुसऱ्याच्या पोराला बांधत.

तिसरा आक्षेप म्हणजे परतायचंच कशाला? हा प्रयोग गोव्यात होऊन गेला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, काबूलमार्गे हिप्पी खुष्कीने भारतात येत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि ती वाट बुजली. त्याआधी हणजुणच्या किनाऱ्यावर बुधवारचा बाजार सुरू झालेला होता. आज तिथे देशभरातले व्यापारी माल लावतात, पण मुळात पैसे संपलेले हिप्पी आपलीच जीन्स, आपलाच कॅमेरा, आपलाच टेपरेकॉर्डर चादरीवर मांडून विकत, म्हणजे आणखी चार दिवस निघतील. सॅक विकून प्रवास लांबवण्याची ही युक्ती थोर होती, पण तिचा शेवट काय झाला? काही निघून गेले. जे राहिले त्यांना भाडं भरावं लागलं, विहिरीच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी बोलावं लागलं, आणि काही वर्षांनी तेही इतर गावकऱ्यांसारखे ‘हल्ली टुरिस्टांनी पार वाट लावली’ असं म्हणू लागले. हे वाक्य ज्या दिवशी तोंडून निघतं त्या दिवशी माणूस रहिवासी झाला, त्याचा प्रवास संपला. न परतणाऱ्यालाही शेवट चुकत नाही. फक्त तो कधी झाला ते कळत नाही आणि लाडूही मिळत नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याचा आहे. १९७२ मध्ये ते एक जुनी गाडी घेऊन लंडनहून निघाले, आशिया ओलांडला आणि वर्षाच्या शेवटी सिडनीला पोचले तेव्हा दोघांत मिळून सत्तावीस सेंट उरले होते. पंगत सोडा, दोघांच्या चहाचीही मारामार. तरी लोकांनी त्यांचं ऐकलं, इतकं की १९७३ मध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही पुस्तिका तयार केली आणि तिच्यातून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रवासपुस्तकांची कंपनी उभी राहिली. म्हणजे मावंद्याशिवायही चालतं की! पण इथे नीट पाहावं. लोक त्यांना विचारत होते की कसे गेलात, किती खर्च आला, कुठे राहिलात. व्हीलरांनी त्याचीच उत्तरं दिली. खैबर खिंडीत पहाटे आत्म्याला काय वाटलं याचं वर्णन करत बसले असते तर आज सिडनीत आणखी एक कंटाळवाणं जोडपं असतं, इतकंच. त्यांनी ऐकणाऱ्याच्या ताटात त्याला हवं ते वाढलं. लाडवाऐवजी बसचे दर वाढले, पण वाढले. नियम तोच राहिला: ज्याला सांगायचं आहे त्याने आधी काहीतरी द्यायचं.

आता उरला पैशाचा मुद्दा. आठ महिने फिरून आलेल्याने पंगत कुठून घालावी? त्याला गावजेवण कोणी सांगितलेलं नाही. खाओ सानवर शेवटच्या रात्री हळवेपणाने जे उडवलं, तेवढ्यात वीस माणसांचं पिठलं, भात, ठेचा, ताक आणि वर बुंदीचा लाडू आरामात होतो. जर्मन सुताराप्रमाणे निघतानाच तेवढी रक्कम घरी आईकडे ठेवून जावी, आणि कितीही अडचण आली तरी फोन करून ती मागवू नये. एकच पथ्य मात्र कडक पाळावं: परतलेल्याने या दिवशी ग्रीन करी करू नये. पाकिटातून आणलेला मसाला, नारळाचं डबाबंद दूध आणि ‘तिथे ना याची चव वेगळी लागते’ हे पालुपद, यांनी आजवर जितकी नाती ताणली गेली तितकी प्रवासाने नाही. काशीच्या मावंद्याला काशीची कचोरी कोणी करत नसे. लोकांना त्यांचंच जेवण, निमित्त तेवढं तुमचं.

पंगत बसली की प्रवाशाने स्वतः वाढायला घ्यावं. मावंद्यातली खरी मेख इथे आहे. ज्याच्या एका हातात भाताचं पातेलं आणि दुसऱ्या हातात वाढणं आहे त्याला मोबाईल काढून फोटो दाखवता येत नाहीत, आणि वाकून वाढणाऱ्याला भाषण करता येत नाही. त्याला फक्त विचारता येतं: अजून थोडा? आणि तुमच्याकडे काय विशेष? मग आठ महिन्यांत गल्लीत काय झालं ते त्याला कळत जातं. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान जाऊन तिथे मोबाईलवाला आला. रस्ता दोनदा खणला, एकदा बुजवला. वहिनींच्या दिरांच्या त्या मुलाला व्हिएतनामहून आल्या आल्या कावीळ झाली होती, हेही पहिल्यांदाच बाहेर येतं. इतकं ऐकून होईपर्यंत ताकाची वेळ आलेली असते. पोटं भरलेली असतात, कोणाला घाई नसते, आणि मावशी हात वाळवत म्हणतात, “हं, त्या बोटीचं काय सांगत होतास रे?” तेव्हा ताकाचं भांडं कडेला ठेवून, बेतानं, त्यांची वाटी संपेपर्यंत सांगावं. दोन दिवसांची नदी एका वाटी ताकात बसते.